बापाच्या जागी अख्खं मंडळ

कारखान्याच्या मालकाने सुहास लिमयेला फसवलं. बॉयलर फुटून जे दोन कामगार मेले, त्यांच्या बायकांनाही त्यानेच फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी म्हणायला नको की वकीलबाईंनी गोष्ट रंगवून आम्हाला आपल्या बाजूला ओढलं. मालकाचं नाव मी लिहून दिलं होतं, संपादकांनी काढायला लावलं. कायद्याची भीती वाटते म्हणाले. मला वाटत नाही; पण अंक त्यांचा आहे.

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला वकिली करते. माझं ऑफिस एका टायरच्या दुकानावर आहे, खाली हवेचा पंप सुरू झाला की अशिलाला दोन मिनिटं थांबायला सांगावं लागतं. माझे वडील बैलबाजारात दलाल होते. उपरण्याखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून किंमत ठरवायचे, चारचौघांत आकडा फुटू द्यायचे नाहीत. मी लग्न होऊन इथे आले, नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला तेव्हा ड्रायक्लीनरच्या काउंटरवर उभी राहिले आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायदा शिकले. त्यामुळे मला कुणी ‘मॅडम, तुम्ही कुठल्या युनिव्हर्सिटीच्या?’ असं विचारलं की माझं डोकं फिरतं. माझं डोकं एरवीही लवकर फिरतं. घासाघीस मात्र मी थंड डोक्याने करते.

घरभाड्याचे करार, घटस्फोट, वेगाने गाडी चालवल्याची तिकिटं, व्हिसाची भानगड, हे माझं रोजचं काम. प्रत्यार्पणाची केस माझ्याकडे यायचं काही कारण नव्हतं. तोवर माझा त्या शब्दाशी संबंध एकदाच आला होता. दुसऱ्या राज्यातल्या मॉरिसव्हिलहून इकडे नोकरीसाठी आलेला एक पोरगा सामान हलवायचा भाड्याचा ट्रक परत करायला विसरला होता. विसरला म्हणजे, मित्राला परत कर म्हणून सांगितलं आणि मित्र भारतात गेला. तिकडच्या राज्याने वॉरंट काढलं, इकडच्या पोलिसाने गाडी अडवल्यावर ते सापडलं. मी त्याला समजावलं की तुला त्या राज्यात पाठवतील. तर तो म्हणाला, “मावशी, पुढच्या आठवड्यात आमची फर्स्ट अ‍ॅनिव्हर्सरी आहे. इंटरनेटवर वाचलं, फॅमिली लाइफचा राइट असतो म्हणे. तो लागेल का?” मी खूप हसले. ट्रकवाल्यांशी बोलून प्रकरण मिटवलं आणि विसरून गेले.

त्या पोराने वाचलेलं चुकीचं नव्हतं, फक्त महासागराच्या पलीकडचं होतं. युरोपात एखाद्या देशाने ‘हा आमचा आरोपी, आमच्या ताब्यात द्या’ म्हटलं, तर तो माणूस कोर्टात सांगू शकतो की मला पाठवलंत तर माझं कुटुंब मोडेल, आणि कोर्टाला त्याचा विचार करावाच लागतो. अमेरिकेत तसं नाही. इथला न्यायाधीश इतकंच बघतो की हाच तो माणूस आहे का, दोन देशांत करार आहे का, तो गुन्हा इकडेही गुन्हा आहे का आणि खटला चालवण्याइतका पुरावा दिसतो का. घरी कोण आहे, हे तो विचारत नाही. ते विचारायचं झालं तर अगदी शेवटी, वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्रमंत्र्याला. जामीनसुद्धा साधारणपणे मिळत नाही. ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते. कुटुंबाला कोर्टात शिरायला तेवढंच एक दार, तेही अर्धवट उघडं.

सुहासला २००४ च्या शरदात त्याच्या कामाच्या ठिकाणाहून उचललं. तो इथे मोटारींच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रणेचा इंजिनियर होता. महाराष्ट्रातल्या ज्या कारखान्यात तो आधी होता, तिथे बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नीट काम करत नव्हता म्हणून त्याने बॉयलर विझवला होता. माल अडकला होता. मालक स्वतः येऊन पेटवा म्हणाला. सुहासने नकार दिला, तेव्हा त्याला कामाच्या नावाखाली शहरातल्या ऑफिसात पाठवलं आणि मागे बॉयलर पेटवून घेतला. दत्तू खरात आणि रशीद मुलाणी हे दोघे समोर उभे होते. दोघेही गेले.

सुहासचा अमेरिकेचा व्हिसा आधीच झाला होता. पोलिसांनी त्याचा एकदा जबाब घेतला. मालक म्हणाला, “तू जा. तुझं करिअर आहे. इथलं मी बघतो.” आणि त्याने बघितलंच. बॉयलर लिमयेने पेटवला आणि लिमये पळून गेला, असं त्याने सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. चार वर्षांनी ते कागद फिरत फिरत डेट्रॉइटच्या फेडरल कोर्टात आले. आरोप सदोष मनुष्यवधाचा.

मोठ्या फर्मनी सांगितलेली फी ऐकून सुहासची बायको अपर्णा माझ्याकडे आली. ती नीट नेसलेली, नीट बोलणारी, पाठ ताठ ठेवून बसणारी मुलगी. रडली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. माणूस एवढा कडेकोट बसतो तेव्हा आत काहीतरी कोंबून ठेवलेलं असतं.

मी ठरवलं, जामिनाच्या दारातून कुटुंब आत घुसवायचं. सात वर्षांची मुलगी, बाईला गाडी चालवता येत नाही, भारतातून कुणी येऊ शकत नाही. साक्षीदार हवेत म्हणून मी आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. डॉ. अरविंद, आम्हा सगळ्यांचे अरविंदकाका. सत्तरच्या दशकात आलेले हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. शब्द टाकला की माणसं जमतात. मी त्यांना बजावून सांगितलं की सुहास घरासाठी काय करतो एवढंच बोलायचं.

कोर्टाच्या दिवशी माणसं जमलीच. बसायला जागा उरली नाही. बायका काठाच्या साड्या नेसून आल्या होत्या, कुणीतरी मधल्या सुट्टीसाठी साबुदाणा वडे आणले होते. मला काय उत्साह चढला म्हणून सांगू. सरकारी वकील हॅरिसन, नेहमी हळू बोलणारा, कानाच्या मागे पेन अडकवणारा माणूस, मागे वळून ती गर्दी बघत होता. मी मनात म्हटलं, बघ लेका, याला कुटुंब म्हणतात.

अरविंदकाका पहिले उभे राहिले. सुहासबद्दल एक वाक्य बोलले, “ही इज अ व्हेरी सिन्सिअर बॉय.” आणि मग सुरू झाले. अपर्णाला सोमवारी भाजीला आपण कसं नेतो. मुलीला रविवारच्या मराठी शाळेत आपण कसं सोडतो. मुक्ता आपल्याला काका म्हणून कशी हाक मारते, आपल्याकडे आली की किती रमते. त्यांच्यामागून आलेल्या काकूंनी सांगितलं की अटकेपासून त्या घरात चूल पेटलेली नाही, इतके डबे आम्ही पोचवतो. तिसऱ्याने सांगितलं की त्याने हिवाळ्यासाठी घराच्या खिडक्यांच्या फटी बंद करून दिल्या. चौथ्याने पाचव्यापेक्षा जास्त केलं होतं आणि पाचव्याने चौथ्यापेक्षा. आपल्या लोकांना दुसऱ्याची स्तुती करायला उभं केलं की ते स्वतःच्या मदतीचा हिशेब मांडतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. वर्गणी गोळा करताना मी ते दर गणपतीत बघते. मी मधे बोलायचा प्रयत्न केला, प्रश्न फिरवून विचारले, पण एकदा मायक्रोफोन हातात आला की थांबतो कोण?

हॅरिसनने उलटतपासणीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. पुढेही मदत करत राहाल का? प्रत्येकाने छाती पुढे काढून हो म्हटलं. अरविंदकाका म्हणाले, “सर, वी आर वन फॅमिली. दे विल नॉट फील हिज अ‍ॅब्सेन्स.”

सुहासवाचून अडत नाही, हे माझ्याच साक्षीदाराने सांगून टाकलं होतं.

मी अपर्णाला उभं केलं. आता हीच वाचवील असं वाटलं. तिला विचारलं, सुहास असं काय करतो जे दुसरं कुणीच करू शकत नाही? तिने मागे बसलेल्या मंडळाकडे पाहिलं. सगळे प्रेमाने तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, “तसं काही नाही. आम्ही मॅनेज करू.”

जामीन नाकारला. हॅरिसन जाता जाता मला म्हणाला की आरोपीची इतकी भाग्यवान बायको त्याने आजवर पाहिली नाही. त्याला टोमणा मारायचा नव्हता, तो मनापासून बोलला, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी अपर्णाच्या अपार्टमेंटवर गेले ती भांडायलाच. जिना चढतानाच वाक्यं जुळवत होते. दार वाजवलं, उघडेना. आतून ठोके ऐकू येत होते, सुतारकाम चालू असल्यासारखे. मी हाक मारली तेव्हा अपर्णाने दार किलकिलं केलं आणि मला बघून पुन्हा लावायला लागली. मी पाय मधे घातला.

मुक्ता जेवणाच्या टेबलाखाली होती आणि टेबलाच्या पायावर कपाळ आपटत होती. अपर्णा परत खाली बसली आणि तिने लाकूड आणि कपाळ यांच्यामध्ये उशी धरली. बाजूला तीन डबे उघडे पडलेले होते. वरण, मऊ भात, शिरा. कशालाही हात लागलेला नव्हता. मंडळात मुक्ता आईच्या मांडीवर तोंड लपवून बसायची, तिला सगळे लाजाळू म्हणायचे. मीही म्हणायचे. ती एक शब्दही बोलत नाही हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण आम्हीच इतके बोलत असायचो.

तेवढ्यात फोन वाजला. तुरुंगातून सुहासचा. अपर्णाने फोन स्पीकरवर टाकून टेबलाखाली सरकवला. मला वाटलं, तो लाडाने बोलेल, गाणं म्हणेल. तो आकडे म्हणायला लागला. “मुक्ता, बघ हं, दहा. साडेनऊ. नऊ. आठ...” सावकाश, मधे थांबत, प्रत्येक आकड्यावर आवाज थोडा खाली आणत. नंतर अपर्णाने सांगितलं की बॉयलर विझवला की वाफेचा दाब असा उतरतो. मुक्ता तान्ही असताना एकदा कशानेच थांबत नव्हती, तेव्हा त्याने तिच्या पाठीवर तळवा ठेवून सहज तसं मोजलं आणि ती निवली. तेव्हापासून जेवण, झोप, आंघोळ सगळं त्या आकड्यांवर. अपर्णाने स्वतः म्हणून पाहिलं, त्याचा आवाज टेप करून लावून पाहिला, पोरीला फरक कळतो.

आकडे तीनपर्यंत आले तेव्हा मुक्ताने उशीवर गाल टेकवला. अपर्णाने तिच्या तोंडाजवळ भाताचा घास नेला आणि तिने तोंड उघडलं. तेवढ्यात तुरुंगाच्या फोनची वेळ संपली. लाइन कट. मुक्ताने फोनकडे पाहिलं आणि पुन्हा कपाळ आपटायला सुरुवात केली.

मी टेबलाजवळ खाली बसले. विचारलं, “कोर्टात का नाही बोललीस?”

“सगळे बसले होते, ताई.”

“मग?”

“मग काय? एकदा कळलं की ती मुक्ता राहत नाही, ‘लिमयांची ती मुलगी’ होते. वाढदिवसाला बोलावणं बंद होतं. सुहासच्या आईंनासुद्धा सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले ऑटिझम, आम्ही तो कागद घरीसुद्धा ठेवला नाही.”

“नवरा तुरुंगात चालेल, पण वाढदिवसाचं बोलावणं चुकायला नको?”

हे मी बोलले. बोलायला नको होतं. ती चिडली, आणि ती चिडली ते फार बरं झालं. “तुम्ही काय बोलता, ताई? त्या डब्यांवरच मी उभी आहे. तेही बंद झाले तर मी कुठे जाऊ?” तेव्हा मला कळलं की तिच्यासाठी दोन्ही खरं होतं. मंडळाशिवाय तिला चालणार नव्हतं आणि मंडळासमोर तिला बोलता येणार नव्हतं. याचा अर्थ सरळ होता. मंडळालाच बाहेर काढायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, पण आनंदाने. माझ्या हातात आता असं काहीतरी होतं की ते कुठल्याही डब्यात भरून पोचवता येत नव्हतं.

जामिनाचा फेरविचार करावा म्हणून मी अर्ज केला. मुलीच्या आजाराची बाब म्हणून न्यायाधीशांनी ती सुनावणी बंद दाराआड घ्यायचं मान्य केलं. अरविंदकाकांना तारखेचा सुगावा लागला आणि त्यांचा फोन आला. या वेळी ते माणसं आणायला भाड्याची बस ठरवणार होते.

मी म्हटलं, “काका, कुणीही यायचं नाही.”

“अहो, सपोर्ट दिसायला नको का?”

“सपोर्टमुळेच तो आत आहे.”

ते भयंकर दुखावले. मंडळाने काय काय केलं ते पुन्हा सांगायला लागले. माझी जीभ वळवळत होती, पण कारण सांगितलं असतं तर मुक्ताची गोष्ट फुटली असती. म्हणून मी भाव बदलला. म्हटलं, काका, कोर्टात कुणीही बसू शकतं. पण आपल्या भागाच्या खासदाराला, म्हणजे काँग्रेसमनला भेटून शेवटच्या टप्प्यासाठी शब्द टाकायचा तर तिथे तुमच्यासारखा वजनदार माणूसच पाहिजे. त्याच दिवशी सकाळी वेळ मिळते का बघा. ते म्हणाले, “टाय कुठला घालू?” त्यांनी ते काम खरंच केलं, आणि चांगलं केलं. माणूस मदत करणारा होता, फक्त ती मदत कोणीतरी बघायला हवी असायची.

बंद खोलीत न्यायाधीश, हॅरिसन, दुभाषी, बेड्या घातलेला सुहास, अपर्णा आणि मी. मी अपर्णाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी ती बोलायला लागली आणि थांबेना. इंग्रजीत सुरू झाली, मराठीत गेली. दुभाषी बिचारा मागे मागे धावत होता. हॅरिसनने अगदी सौम्यपणे विचारलं की प्रशिक्षित थेरपिस्ट हे काम करू शकणार नाही का, आणि गेल्या वेळी सगळे डब्यांविषयी इतकं सांगत होते, त्याचं काय?

अपर्णा म्हणाली, “सर, आमच्याकडे रोज कुणीतरी डबा आणतं. वडिलांच्या आकड्यांशिवाय तिने त्यातला एक घास खाल्लेला नाही. तो मी रोज खाते आणि धुऊन परत देते.”

न्यायाधीशांनी विचारलं की वडील नक्की काय म्हणतात. अपर्णाने सुहासकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि दहापासून म्हणायला सुरुवात केली. दुभाष्याने भाषांतर करायला तोंड उघडलं, न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं. आकडे एकपर्यंत आले. मी वीस वर्षं वादावादी करते आहे, पण माझ्या सर्वांत चांगल्या युक्तिवादात मी एकही शब्द बोलले नव्हते.

जामीन मिळाला. पायाला ठावठिकाणा कळवणारा पट्टा, पासपोर्ट जमा. हॅरिसन म्हणत होता, घर आणि काम याशिवाय कुठे नाही. मी त्याला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि तिथे माझ्या वडिलांची मुलगी जागी झाली. पोहण्याचा तलाव पाहिजे, पोरगी पाण्यात शांत असते. बाग पाहिजे. शाळेचं फाटक पाहिजे. तो एकेक नाही म्हणत गेला आणि मी एकेक मागत गेले. फाटकासाठी मी बागेतला रविवार सोडला आणि तलाव मिळाल्यावर पुन्हा रविवार मागितला. शेवटी तो कंटाळून हसला आणि म्हणाला, “तुमच्याकडून मी जुनी गाडी कधीच घेणार नाही.” मी खाली आले तेव्हा मला धावत सुटावंसं वाटत होतं. पन्नाशीची बाई, नाहीतर धावलेही असते.

पण मुख्य प्रश्न तसाच होता. पुढच्या वर्षी त्याच न्यायाधीशांनी प्रत्यार्पणाला मान्यता दिली. द्यावीच लागली. ते म्हणाले, जामिनाच्या वेळी मला या मुलीकडे बघता आलं, आज कायदा मला बघू देत नाही. पट्टा मात्र तसाच ठेवला, वॉशिंग्टनहून निर्णय येईपर्यंत सुहासला तुरुंगात घातलं नाही. परराष्ट्रमंत्र्याच्या हाती साधारण दोन महिने असतात. मी मुक्ताविषयी जे काही पाठवायचं ते पाठवलं, काँग्रेसमनचा शब्दही गेला. पण नुसतं वाट बघत बसणं माझ्या रक्तात नाही. बाजारात दलाल आधी बघतो की बैल कुणाचा आहे. मी स्वतःला विचारलं, ही केस खरी कुणाची? भारत सरकारची? नाही. दत्तू खरातच्या बायकोची.

तिकडच्या एका वकिलाला मी तिच्या घरी पाठवलं आणि फोनवर बोलले. तिचं नाव शालन. मी तिला स्वच्छ सांगितलं की मी लिमयेची वकील आहे, तुमची नाही. ती म्हणाली, “लिमयेसायबानं तर बायलर इझवला हुता. आमच्यात सगळ्यास्नी ठावं हाय. मालकानं पेटवाय लावला. पर आमाला इचारलंय कुनी?”

कुणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, अमेरिकन कोर्टाने नाही, आणि मीही तोवर नाही.

शालनने कोर्टात अर्ज दिला की मालकालाही आरोपी करा. रशीदच्या बायकोनेही अंगठा दिला. मग मी तिथल्या सरकारी वकिलांना फोन लावला. ते वैतागले होते. “बाई, मला आरोपी ताब्यात पाहिजे.”

“साहेब, तुम्हाला आरोपी पाहिजे की शिक्षा?”

“म्हणजे?”

“लिमयेला पिंजऱ्यात उभं केलंत तर तो तोंड मिटून बसणार, मी त्याला बसायला लावणार. साक्षीदार म्हणून बोलावलंत तर तो स्वतःच्या पायाने येईल आणि कोर्टासमोर मालकाकडे बोट दाखवील. एका इंजिनियरच्या बदल्यात मालक. आणखी काय भाव देऊ?”

त्यांनी विचार करतो म्हणून फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस आमचं हे चाललं. कधी ते चिडायचे, कधी मी. एकदा मी इतकी ओरडले की खालचा टायरवाला वर बघायला आला. पण शेवटी सौदा जुळला. सुहासवरचा खटला मागे, तो सरकारी साक्षीदार, आणि दिल्लीने प्रत्यार्पणाची मागणी परत घेतली. मंत्र्याचा निर्णय यायची वेळच आली नाही. ज्या दिवशी तो पट्टा कापला त्या दिवशी मुक्ताला आवडत नाही म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुहास शब्दाला जागला, भारतात गेला, साक्ष दिली, परत आला. तो तिकडे असेपर्यंत फोनवर आकडे चालू होते, आणि त्या फोनची लाइन कापायला कुणी नव्हतं. मधल्या काळात अपर्णाने आपण होऊन मंडळातल्या दोन-तीन घरी मुक्ताविषयी सांगितलं. एका घरचं बोलावणं बंद झालं. दुसऱ्या घरच्या काकू आता डबा आणत नाहीत, तास-दीड तास टेबलाखाली येऊन बसतात.

इथे ही हकिकत संपली असती तर मी लिहायला बसलेच नसते. जिंकलेल्या केसबद्दल मी फोनवर बढाया मारते, त्याला अंक लागत नाही.

सुहासच्या साक्षीनंतर मालकाला आरोपी केलं. त्याने वरच्या कोर्टात जाऊन स्थगिती आणली, ती अजून उठलेली नाही. शालनचा मला अधूनमधून फोन येतो. “ताई, तुमचा मानूस सुटला. त्यो मालक कवा हुबा ऱ्हानार?” मी तिला कायदा समजावते. ती ऐकून घेते. मला तिच्या ऐकून घेण्याचाच राग येतो.

आणि या वर्षी, २००८ च्या दिवाळीला, आपल्या मंडळाने प्रमुख पाहुणा म्हणून त्याच मालकाला बोलावलं. मुलगा इथे शिकतो म्हणून तो आला होता, सभागृहासाठी देणगी देणार होता. ‘यशस्वी उद्योजकाशी गप्पा’ असं कार्यक्रमाचं नाव. अरविंदकाकांनी त्याला हार घातला. मी त्यांना आधी फोन करून विचारलं होतं की हा कोण आहे ते माहीत आहे ना? ते म्हणाले, “ताई, सुहास सुटला ना? आता तो विषय मिटला. स्थगिती म्हणजे निर्दोषच की.” मला कायदा शिकवायला निघाले.

मी सभागृहात उभी राहिले आणि पाहुण्यांना विचारलं की तुमचा बॉयलर कुणी पेटवला. ते हसून म्हणाले की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलता येत नाही. अरविंदकाकांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि फराळ तयार असल्याचं जाहीर केलं. अडीचशे माणसं उठली आणि चकलीच्या रांगेत उभी राहिली. त्यात तीसएक तरी ती होती, जी कोर्टात आली होती. अपर्णा आणि सुहास मुक्ताला घेऊन मागच्या दाराने निघून गेले.

म्हणून मी हे छापून मागते आहे. मालकसाहेब, न्यायप्रविष्ट म्हणजे तोंड शिवलेलं नव्हे. स्थगिती तुम्ही मागितली आहे, तुम्ही ती मागे घेऊ शकता. घ्या आणि उभे राहा. दत्तू खरात आणि रशीद मुलाणी त्या दिवशी बॉयलरसमोर कुणाच्या सांगण्यावरून उभे होते, ते कोर्टात शपथेवर सांगा. आणि अरविंदकाका, तुम्ही आणि तुमची कार्यकारिणी. शालन खरातचा फोन नंबर माझ्याकडे आहे. तो हार कशाबद्दल घातलात, ते तिला फोन करून तुम्हीच सांगा. मी ती लाइन जोडून द्यायला तयार आहे. कधी करताय?